पाऊण तासाचं सांत्वन

पीयूष ढोमणेला फोनवर बोलता येत नसे. समोर बसला की बरा बोलायचा, एखादा विनोदही करायचा. पण फोन कानाला लागला की त्याच्याकडे मोजका माल उरे: "हो", "हां", "बरं", "अजून काय" आणि शेवटी "या मग इकडे". एवढ्या भांडवलावर त्याने कॉलेज, नोकरी, लग्न आणि सासरचा दिवाळसण निभावून नेला होता.

अशा माणसावर ढोमणे खानदानाने फोनचं सॉफ्टवेअर निवडायची जबाबदारी टाकली. कारण तो नागपुरात कॉम्प्युटर कंपनीत होता. कंपनीत तो खुर्च्यांची खरेदी पाहायचा, हे त्याने दोनतीनदा सांगून पाहिलं. त्यावर अकोल्याची आत्या म्हणाली, "मग खुर्च्या काय न्हाव्याच्या दुकानात जातात का रे? कॉम्प्युटरसमोरच ठेवतात ना?" विषय संपला.

जुनं ॲप बंद होणार होतं आणि सगळ्यांना एकाच नव्या ॲपवर जायचं होतं. अर्धे ढोमणे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे राहिले, तर भाऊबंदकीला वेगळं कारण शोधावं लागलं नसतं. पीयूषने तीन ॲप आणून पाहिली. पहिलं न विचारता व्हिडिओ सुरू करायचं. त्यात आतोबांचं टॉवेलमधलं दर्शन साऱ्या खानदानाला घडलं. दुसरं मध्येच तुमच्याच आवाजात गुडघ्याच्या तेलाची जाहिरात करायचं. धाकट्या काकूने ते तेल पीयूषच्या शब्दाखातर मागवलंसुद्धा. उरलं तिसरं. त्याचं नाव 'अखंड'.

अखंडमागचं शास्त्र साधं होतं. इंटरनेटवरून जाणारा आवाज सलग जात नाही. बोलण्याचे बारीक बारीक तुकडे होतात, एकेका सेकंदाचे पन्नास. प्रत्येक तुकडा पाकिटात भरून पाठवला जातो, पाकिटं आपापल्या वाटेने जातात आणि पलीकडे पुन्हा ओळीने लावली जातात. काही वाटेत हरवतात. एखादं हरवलं तर आधीचा आवाज थोडा ताणून भोक बुजवता येतं, कानाला पत्ता लागत नाही. वीस-पंचवीस हरवली की मग ते "हॅ... लो... ऐकू ये..." सुरू होतं. अखंडने ताणण्याऐवजी अंदाज बांधायला सुरुवात केली. माणूस "बस स्टँ" म्हणाला आणि नेट गेलं, तर पुढे "ड" येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अखंड पहिल्या दिवसापासून तुमचे सगळे कॉल ऐकायचं. तुमचा आवाज, श्वास, कोणाशी काय आणि कोणत्या सुरात बोलता, सगळं शिकून तुमच्या बोलण्याचा एक साचा कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायचं. मग भोक अक्षराचं असो, शब्दाचं असो की वाक्याचं, ते त्या साच्यातून भरलं जायचं. याला कंपनी 'भरणा' म्हणे.

सेटिंगमध्ये एक प्रश्न होता: किती मोठी पोकळी भरू? अक्षर, शब्द, वाक्य, की गरजेनुसार? पीयूषने सगळ्या खानदानासाठी 'गरजेनुसार' निवडलं. अर्धे नातेवाईक मेळघाटाच्या पायथ्याशी राहायचे. देशात बसगाड्या विजेवर आल्या, रेशन चेहरा दाखवून मिळायला लागलं, पण परतवाड्याच्या पुढे नेटवर्क आजही पाहुण्यासारखं यायचं, पाणी प्यायचं आणि जायचं.

वर्षभर सगळे खूश होते. चिखलदऱ्याच्या चुलत बहिणीचा आवाज जन्मात पहिल्यांदा सलग ऐकू आला, आणि ती एवढी भांडकुदळ आहे हेही पहिल्यांदाच कळलं.

एक गोष्ट तेवढी अखंडला कळत नव्हती. पाकिटं येईनाशी झाली, म्हणजे नेट गेलं की माणूसच गप्प झाला, हे ओळखायचा त्याच्याकडे काही मार्ग नव्हता. त्याच्या लेखी पोकळी ती पोकळी.

*

डिसेंबरात परतवाड्याला मोठीआई गेली.

मोठीआई म्हणजे पीयूषच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. वडिलांची बदली गडचिरोलीला झाली तेव्हा पीयूष आठवीपासून दहावीपर्यंत तिच्याकडे राहिला होता. तिला मूलबाळ नव्हतं. शाळेतून यायला त्याला उशीर झाला की ती फाटकापाशी उभी राहायची आणि तो दिसताच आत निघून जायची, वाट पाहत नव्हतोच असं दाखवायला.

पीयूष मातीला गेला नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर रजा मिळाली असती. गाडीही होती. "तुला बरं नाही का?" असं अश्लेषाने, त्याच्या बायकोने विचारलं, तर "थोडं अंगात आहे," असं तो म्हणाला. अंगात काही नव्हतं. त्या घरात जाऊन मोठ्या बाबांसमोर बसायचं आणि काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं. न सुचणं हा आजार असता तर त्याने सर्टिफिकेट आणलं असतं.

तिसऱ्या दिवशी त्याने फोन केला. मोठे बाबा म्हणजे मोठीआईचे यजमान, सुदाम ढोमणे, निवृत्त पी. टी. शिक्षक. तीस वर्षं मैदानावर ओरडल्यामुळे त्यांचा "हॅलो"सुद्धा "सावधान"सारखा यायचा.

"बोल," ते म्हणाले.

"मोठे बाबा," पीयूष म्हणाला.

पुढे काही नाही. आपला श्वास पलीकडे ऐकू जाईल म्हणून त्याने फोनचा माइक बंद केला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. एक मिनिट सावरू, मग बोलू, असं त्याने ठरवलं. मग तो मागच्या गॅलरीत गेला. तिथे वॉशिंग मशीन चालू होतं. काचेमागे चादर गोल फिरत होती. तो बघत उभा राहिला. चादर धुऊन झाली, पिळून झाली, मशीनने शेवटची शीळ घातली, तेव्हा त्याला फोन आठवला.

पळत आला तर कॉल संपलेला. स्क्रीनवर अखंडचा हसरा संदेश: 'छान बोलणं झालं! पाऊण तास. ठरलेल्या गोष्टी पाहण्यासाठी इथे दाबा.'

पीयूषने दाबलं नाही. आपण काय बोललो ते वाचायची त्याला लाज वाटली. त्याने चादर वाळत घातली.

*

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मोठे बाबा उभे होते. सोबत पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी, लोखंडी घडीची खाट आणि तुरीच्या शेंगांची पिशवी.

"आलो," ते म्हणाले. "ठरल्याप्रमाणे."

"या ना," पीयूषच्या तोंडून गेलं. तेवढंच त्याला येत होतं.

सामान आत आलं. खाट हॉलमध्ये उघडली तेव्हा सोफ्याकडे जायचा रस्ता खाटेवरूनच राहिला. अश्लेषाने चहा टाकता टाकता नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"किती दिवसांसाठी आलेत?"

"माहीत नाही."

"तूच बोलावलंस म्हणाले ते. मला एका शब्दाने विचारलं नाहीस?"

पीयूषने खिशातून फोन काढला आणि चार दिवस न दाबलेलं बटण दाबलं. 'ठरलेल्या गोष्टी: मोठे बाबा कायमचे नागपूरला येणार. परतवाड्याचं घर शिकवणी वर्गाला देणार, करार पाठवला. रविवार.'

करारावर मोठ्या बाबांनी सही केलेली होती.

आता, मराठी माणसाच्या फोनचा शेवट कसा होतो हे सगळ्यांना माहीत आहे. एक म्हणतो, "या मग इकडे." दुसरा म्हणतो, "येऊ ना, येऊ." कोणी येत नाही. कोणी यावं अशी कोणाची अपेक्षाही नसते. पीयूषच्या साच्यात दुसरं फारसं काही नव्हतंच. यंत्राने मोठीआईबद्दल काय काय म्हटलं असेल देव जाणे, पण अधूनमधून ते "या मग इकडे" म्हणत राहिलं असणार. आणि पाऊण तास आग्रह झाला की कोणत्याही सभ्य माणसाला तारीख द्यावीच लागते.

"आवाज ऐकता येईल का परत?" अश्लेषाने विचारलं.

"नाही. कायद्याने कॉलचं रेकॉर्डिंग ठेवता येत नाही. फक्त ठरलेलं ठेवतात."

बाहेर मोठे बाबा पेटी सरकवत होते. पीयूष चहा घेऊन गेला. दोघं खाटेवर बसले, कारण दुसरीकडे जागा नव्हती.

"तू त्या दिवशी लय बोलला, पिऊ," मोठे बाबा कपात पाहत म्हणाले.

"तुम्ही पण... छान बोललात."

"हो. बोललो खरा."

"बरं वाटलं," पीयूष म्हणाला.

"मले पण."

दोघांनी चहा संपवला. एवढं अवघडलेलं बरं वाटणं पीयूषने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

*

बातमी खानदानात पसरली. मातीला न आलेला पोरगा, पण पाऊण तास बोलला आणि म्हाताऱ्याला घरी घेऊन गेला. आत्याने ग्रुपवर लिहिलं, 'पोरगा असावा तर असा.' खाली सव्वीस हात जोडलेले आले. मग ज्याच्या घरी काही वाईट घडेल तो पीयूषचं नाव काढायला लागला. वरुडच्या एका लांबच्या मामांची म्हैस गेली, तर आत्या म्हणाली, "तूच बोल बा त्यांच्याशी. तुझ्या बोलण्यात जादू आहे." पीयूषने फोन लावला, "मामा" म्हणाला आणि माइक बंद करून फोन पालथा ठेवला. हे मुद्दाम केलं. संध्याकाळी मामांचा संदेश आला: 'तुमच्या शब्दांनी धीर आला. नवीन म्हैस घेऊ नये हा सल्ला पटला.'

त्या रात्री तो नीट जेवला नाही.

घरात मोठे बाबा कोणाला त्रास होऊ नये म्हणून इतके जपून वागत की त्यानेच त्रास व्हायचा. आंघोळीला जायला परवानगी मागायचे. पंखा लावायचा तर आधी विचारायचे. अश्लेषाचा खात्याच्या परीक्षेचा अभ्यास हॉलमध्ये चालायचा, म्हणून ते दुपारभर खाली वॉचमनच्या केबिनपाशी उभे राहायचे. मोठीआईचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. पीयूष ते काढत नसे, कारण जे काही बोलायचं ते आपण बोलून झालंय असं मोठ्या बाबांना वाटतंय, अशी त्याची समजूत होती. पुन्हा बोलायला गेलो आणि त्याहून कमी पडलो तर?

शेवटी त्याने ठरवलं, निदान आपण काय बोललो ते तरी शोधून काढू. त्याने अखंडच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"नमस्कार, मी सायली, सांगा सर," एक गोड आवाज.

पीयूषने सगळं सांगितलं. तिने नंबर घेतला.

"आवाज मिळणार नाही सर. पण कॉलमध्ये किती भरणा होता ते सांगू शकते. तुमच्या बाजूने दोन शब्द खरे. बाकी भरणा."

"ते माहीत आहे मला."

"आणि समोरच्या बाजूने एक शब्द खरा. बाकी भरणा."

पीयूष उठून उभा राहिला. "म्हणजे? मोठे बाबा पण नव्हते?"

"हो सर. पाऊण तास दोन्ही बाजूंना आम्हीच होतो. अशा कॉलची गुणवत्ता सगळ्यात चांगली येते."

"मग बोललं कोण? ऐकलं कोणी?"

"ते मला सांगता येणार नाही सर, मी मगाशीच जेवायला गेले आहे. माझ्याकडून आणखी काही मदत?"

*

मोठे बाबा हॉलमध्ये पेपर पसरून तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. संध्याकाळी सोलेभात करायचा बेत होता. अश्लेषा क्लासला गेलेली. पीयूष समोर बसला आणि एक शेंग उचलली.

"मोठे बाबा, त्या दिवशी फोनवर मी नव्हतो."

मोठ्या बाबांची बोटं थांबली नाहीत. "काहून? कुठं होता?"

"वॉशिंग मशीनपाशी."

"काय करून राह्यला होता तिथं?"

"बघत होतो. चादर."

मोठ्या बाबांनी दाणे वाटीत टाकले. 

"मी पण नव्हतो," ते म्हणाले.

"माहीत आहे. आत्ताच कळलं."

"'बोल' म्हटलं अन् फोन उशीखाली टाकून दिला. अंगणात जाऊन बसलो." त्यांनी मान वर केली. "राग आला होता बे तुझा. शेवटी शेवटी तिले माणूस ओळखू येत नव्हता. दारात कोणी आलं की विचारे, पिऊ आला का. दूधवाल्याले पण विचारे. अन् ती मेल्यावर पण तू नाही आला. वरून फोन करते. मले तुझा आवाज नको होता ऐकाले."

पीयूषचे कान तापले. हातातली शेंग त्याला सोलता येईना.

"मग आलात कशाला?"

"लाजेनं," मोठे बाबा म्हणाले. "फोन काढून पाहतो तर पाऊण तास! म्हटलं, जे पोट्टं दोन वाक्यं धड बोलत नाही ते पाऊण तास बोललं, अन् आपण उशीखाली ठेवलं. वरून लिहून आलं की मी येतो म्हणून कबूल झालो. आता नाही कसा म्हणू? कोण्या तोंडानं म्हणू? घराच्या कागदावर सही करून टाकली."

कुठल्यातरी थंडगार खोलीत दोन यंत्रं पाऊण तास मोठीआईसाठी बोलली होती. काय बोलली असतील? तिचं फाटकाशी उभं राहणं त्यांना ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. ते पीयूषने फोनवर कधी कोणाला सांगितलंच नव्हतं. तरी तिच्यासाठी एवढा वेळ दुसरं कोणी बोललं नव्हतं. आणि तेही ऐकायला कोणी नव्हतं.

"सकाळच्या गाडीनं जातो मी," मोठे बाबा म्हणाले.

"राहा ना" असं पीयूषच्या जिभेवर आलं होतं. त्याने ते गिळलं. तो शब्द त्याचा राहिला नव्हता.

"मी पण येतो," तो म्हणाला. "मला भेटीला यायचं आहे."

"कोणाच्या?"

"तुमच्या."

*

गाडीत दोघं शेजारी बसले, पेटी पायाशी; खाट आणि गादी मागाहून पाठवायची होती. ज्याच्या सांत्वनाला जायचं तोच माणूस शेजारी बसून संत्रं सोलून देत असला, तर चेहरा कसा ठेवायचा याची रीत कोणी घालून दिलेली नाही. पीयूषने सबंध रस्ता खिडकीबाहेर पाहिलं.

परतवाड्याच्या घरात शिकवणी भरलेली होती. ज्या खोलीत मोठीआई गेली तिथे सातवीची पोरं सतरंजीवर बसून शेकडेवारी शिकत होती. मोठे बाबा पेटी खाली ठेवून फाटकापाशी थांबले. थोडा विचार केला.

"मी आधी आत जातो," ते म्हणाले. "तू मागून ये. दोघं संगं गेलो तर ती भेट नाही होत."

ते आत गेले, पोरांना ओलांडून भिंतीला टेकून मांडी घालून बसले. मास्तर खडू हातात घेऊन बघत राहिला. पीयूषने चपला काढल्या, आत आला, मोठ्या बाबांसमोर बसला आणि मान खाली घातली.

"आपण कोणाचे पालक?" मास्तरने विचारलं.

"भेटीला आलेत ते," मोठे बाबा म्हणाले. "तुम्ही चालू द्या."

मास्तर बिचारा भला माणूस होता. त्याने आवाज खाली आणून शेकडेवारी चालू ठेवली. पोरं मात्र मागेच पाहत होती. एक जण दुसऱ्याला कोपर मारून हसला. पीयूषला त्या सतरंजीत गडप व्हावंसं वाटलं. तसं काही झालं नाही. तो तिथेच बसून राहिला, चेहरा लाल, हात मांडीवर.

"मी यायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"हो," मोठे बाबा म्हणाले. "याले पाहिजे होतं."

एवढंच. पीयूषला वाटलं होतं ते "जाऊ दे" म्हणतील. ते म्हणाले नाहीत. एका पोराने फळ्यावर उत्तर चुकवलं, मास्तरने पुसलं, पुन्हा मांडलं. मोठ्या बाबांनी खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले आणि पीयूषने पुसले नाहीत. तसेच वाहू दिले. पोरं हसायची थांबली.

दुखवट्याच्या घरातून निघताना "येतो" म्हणत नाहीत. पीयूष काही न बोलता उठला आणि बाहेर आला. थोड्या वेळाने मोठे बाबाही आले, कारण आत शिकवणीची दुसरी पाळी सुरू होणार होती.

*

स्टँडवर मोठे बाबा म्हणाले, "मी पाहतो इकडंच एखादी खोली. तू जा."

नागपूरची गाडी लागली होती. पीयूष गाडीकडे गेला, पुन्हा परत आला.

"हॉल लहान आहे," तो म्हणाला.

"दिसला मले."

"दुपारी अश्लेषाचा अभ्यास असतो. तुम्ही खाली जाऊन उभं राहायची गरज नाही, पण रेडिओ लावता येणार नाही. आणि कायमचं मला माहीत नाही. मी कायमचं नाही म्हणू शकत." बायको गेलेल्या म्हाताऱ्याला आपण अटी सांगतोय, हे त्याचं त्याला ऐकू येत होतं आणि मान वर होत नव्हती. "पण सध्या याल का? हे मी विचारतोय."

मोठ्या बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, मैदानावर रांगेतल्या पोराकडे पाहतात तसं.

"सूनबाईले विचारलं?"

नव्हतं विचारलं. पीयूषने फोन काढला, भरणा बंद केला आणि नंबर लावला. नेटवर्क नावाला होतं. तो बाकावर चढला. हात उंच करून फोन तोंडासमोर धरला आणि स्पीकर लावला.

"अश्लेषा, मोठे बाबा आपल्याक... काही महि... राहि... तर चालेल का?"

"काय? कोण? काहीच कळत नाहीये!"

त्याने दुसऱ्यांदा विचारलं, आणखी मोठ्याने. रसवंतीवाल्याने चरक थांबवला. गाडीतल्या बाया खिडकीला आल्या.

"हा तूच बोलतोयस ना?" अश्लेषाने विचारलं.

"मीच! आवाज तुटतोय ना?"

"तुटतोय. बरं, मग तूच आहेस. सांग पुन्हा."

तिसऱ्यांदा त्याने अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात, एकेक शब्द सुटा करून विचारलं. कंडक्टर, रसवंतीवाला आणि गाडीतल्या बाया उत्तराची वाट पाहत थांबल्या.

"जून... पर्यंत," अश्लेषाचा तुटका आवाज आला. "जूनमध्ये... परीक्षा. तोपर्यंत... चालेल. त्यानंतर बसून बोलू तिघं. आणि ती खाट... उभी... भिंतीला..."

कॉल कटला.

"खाटेचं काय म्हणे?" मोठ्या बाबांनी खालून विचारलं.

"दिवसा घडी करून भिंतीला लावायची असेल."

मोठ्या बाबांनी पेटीची कडी धरली, दुसरी पीयूषकडे केली.

"जूनपर्यंत जमते मले," ते म्हणाले. "उतर आता खाली. लोकं पाहून राह्यले."